मुंबईच्या दमट उन्हात राबणाऱ्यांसाठी: उष्माघात टाळायचा कसा आणि झालाच तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं

एप्रिल-मे महिन्यांत मुंबईचा पारा बहुतेक दिवस ३३ ते ३५ अंशांच्या आसपास असतो. चंद्रपूर, अकोला, नागपूरचे ४४-४५ चे आकडे बातम्यांत येतात आणि आपल्याला वाटतं, इथे काय होतंय. या समजुतीपायी माणसं दगावतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भरउन्हात झाला आणि डझनापेक्षा जास्त माणसं उष्माघाताने गेली. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर नोंद होती ती साधारण ३८ अंशांची. विदर्भात उन्हाळ्यातल्या ३८ अंशांची कोणी बातमीही करत नाही.

फरक हवेतल्या ओलीचा आहे. नुसता घाम येऊन भागत नाही, तो अंगावरून सुकला तरच शरीरातली उष्णता बाहेर पडते. मुंबईत तो सुकत नाही, निथळतो. पाणी जातं, मीठ जातं आणि अंग मात्र तापलेलंच राहतं. ३४ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर शरीराला ते साधारण ३६ अंशांसारखं जाणवतं. तेच ३४ अंश ७० टक्के आर्द्रतेत ४६ च्या घरात जातात. हा हिशोब सावलीतला आहे. थेट उन्हात त्यात आणखी आठेक अंशांची भर पडू शकते. त्यातून माणूस पाटी उचलत असेल, हातगाडी ओढत असेल किंवा चार मजले चढून पार्सल देत असेल, तर त्याचे स्नायू आतून वेगळीच उष्णता तयार करत असतात.

हे मार्गदर्शन उन्हात राबणाऱ्यांसाठी आहेच, पण त्याहून जास्त त्यांच्या आसपास असणाऱ्यांसाठी आहे: मुकादम, ठेकेदार, सोसायटीचे सेक्रेटरी, मंडळाचे कार्यकर्ते, बचत गटाच्या ताई. कारण उष्माघात झालेल्या माणसाला स्वतःला काय होतंय ते कळत नाही. आधी मेंदूच गोंधळतो. तो "मला काही झालं नाही" म्हणतो आणि पुन्हा पाटी उचलायला जातो. त्याला वाचवणारा दुसराच कोणीतरी असतो, आणि तो कोण हे सकाळीच ठरलेलं असायला हवं.

सकाळी: अंदाज बघा, पण नुसता पारा बघू नका

कुलाब्याच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज रोज निघतो आणि हवामान खात्याच्या 'मौसम' ॲपवरही दिसतो. इशारा पिवळा, नारिंगी की लाल ते पाहा. किनारपट्टीला उष्णतेची लाट जाहीर करायला पारा किमान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश वर असावा लागतो. म्हणजे ३५ अंशांच्या चिकट, वारा पडलेल्या दिवशी लाट जाहीर होणार नाही, आणि तरी कामगाराच्या अंगाला तो दिवस तितकाच भारी जाईल. म्हणून अंदाजात आर्द्रतेचा आकडाही बघा. '३६, पण ४६ सारखं जाणवेल' अशा अर्थाची ओळ दिसली की कामाचं गणित दुसऱ्या आकड्यावर बसवा.

वर्षातले तीन काळ लक्षात ठेवा. मार्चमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे गरम वारे येतात, समुद्रावरचे खारे वारे दुपारी उशिरा सुटतात आणि पारा एकदम चढतो. सांताक्रूझला मार्चमध्ये ४१ अंशांच्या वर नोंद झालेली आहे, आणि तेव्हा शरीराला उन्हाची सवयही नसते. दुसरा काळ मेअखेर ते पहिला पाऊस: पारा कमी, पण हवा ओलीचिंब. तिसरा ऑक्टोबर. पावसाळा संपला म्हणून साइटवरची पाण्याची पिंपं आणि सावलीची ताडपत्री काढून टाकली जाते, नेमकं तेव्हाच ऊन परततं.

नव्या माणसाला पहिला आठवडा जपा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं असं माझं मत आहे. उन्हात काम करताना जे मृत्यू होतात, त्यांत कामाच्या पहिल्या काही दिवसांतल्या माणसांचं प्रमाण फार मोठं असतं. उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत घाम लवकर यायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि हृदयावरचा ताण उतरतो. ही सवय आठवडाभर सुट्टी घेतली तरी मोडायला लागते.

मुंबईत याचा अर्थ सरळ आहे. होळीला गावी गेलेला गवंडी परत आला, मे महिन्यात कोकणात जाऊन आलेला माथाडी पुन्हा कामावर उभा राहिला, आजारपणानंतर सफाई कामगार हजर झाला, नाक्यावरून आज पहिल्यांदाच उचललेला पोरगा आला, तर हे सगळे 'नवे' धरायचे. अगदी नव्याला पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या एक पंचमांश द्या आणि रोज तेवढंच वाढवत न्या. पाचव्या दिवशी तो पूर्ण कामावर येईल. जुन्या, सुट्टीवरून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी निम्मं काम, मग ६० टक्के, ८० टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण. उरलेला वेळ त्याला सावलीतलं काम द्या: सळ्या बांधणं, माल मोजणं, हत्यारं साफ करणं. रोजंदारीवरचा माणूस हे स्वतःहून मागणार नाही, कारण मजुरी कापली जाईल ही भीती असते. त्यामुळे पूर्ण हजेरी देऊन हलकं काम देणं हे मुकादमानेच करायचं असतं.

पाणी: तहान लागायची वाट बघू नका

जड काम चालू असेल तर दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण पाव लिटर. दुपारच्या सुट्टीत गटागटा लिटरभर पिऊन सकाळची तूट भरून निघत नाही. उलट टोकही टाळा: तासाला सुमारे १.४ लिटरपेक्षा जास्त नुसतं पाणी प्यायलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि तेही जिवावर बेतू शकतं.

लघवीचा रंग हा सगळ्यात सोपा मापक. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद पिवळी झाली किंवा दुपार उलटली तरी लघवीला जावंसंच वाटलं नाही, तर शरीर कोरडं पडत चाललं आहे.

दोन तासांपेक्षा जास्त घाम गाळला तर मीठही भरून काढायला हवं. जेवण नीट होत असेल तर भाकरी, आमटी, लोणच्यातून बरंचसं मिळतं. शिवाय मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत, पन्हं, लिंबूपाणी यांतलं जे परवडेल ते. ओआरएसचं पाकीट घेतलंत तर पाकिटावर लिहिलेल्या मापानेच, बहुधा एक लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट कालवा. अर्धं पाकीट बाटलीत अंदाजाने टाकू नका. दुकानात मिळणाऱ्या गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस नाव मिरवलं जायचं, त्यावर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंदी आणली. जुना माल अजून कुठे दिसला तर तो घेऊ नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मिठाच्या गोळ्या नकोत. चहा प्यायला हरकत नाही, पण कटिंग प्यायली म्हणजे पाणी प्यायलो असं धरू नका. रात्रीची दारू मात्र दुसऱ्या दिवशीच्या उन्हात हमखास नडते.

रस्त्यावरच्या सरबतातला बर्फ जपून. खाण्यालायक नसलेल्या बर्फात निळी छटा घालण्याचा नियम आहे, तसा बर्फ पेल्यात दिसला तर ते सरबत पिऊ नका. जुलाब लागलेला माणूस उन्हात अर्ध्या दिवसात आडवा होतो.

आता पाण्याबद्दलची खरी अडचण. मासळी विकणाऱ्या कोळणी, भाजीवाल्या, साइटवरच्या बायका, झाडलोट करणाऱ्या ताई, रस्त्यावर ड्युटीला असलेल्या महिला पोलीस मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण जवळ शौचालय नसतं. असलं तर पैसे मागतात किंवा आत पाय ठेववत नाही. त्यांना "भरपूर पाणी प्या" हा सल्ला देणं निरर्थक आहे. पाणी टाळल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, वर्षानुवर्षं असं चाललं तर मूत्रपिंडांवर परिणाम होतो, आणि उष्माघाताचा धोका असतोच. कामाच्या जागी बायकांसाठी कडी लागणारं, पाणी असलेलं शौचालय ही उष्णतेपासूनच्या संरक्षणाची पहिली गोष्ट समजा. ठेकेदाराने साइटवर पिण्याचं पाणी, शौचालय आणि प्रथमोपचाराची पेटी देणं हे कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे, उपकार नव्हे. फिरतीवर असाल तर प्रत्येक पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी आणि शौचालय मोफत मिळायला हवं हे लक्षात ठेवा आणि हक्काने मागा. सोसायट्यांना एक विनंती: गेटबाहेर एक माठ, झाकण आणि दांड्याचा डाव ठेवा, आणि डिलिव्हरीच्या मुलांना, कचरा उचलणाऱ्यांना खालचं शौचालय वापरू द्या. याला फारसा खर्च नाही, कमिटीचा एक ठराव पुरतो.

कामाची वेळ आणि सावली

दुपारी १२ ते ४ जड काम बंद. स्लॅब भरणं, खोदाई, डांबर टाकणं, माल उतरवणं हे पहाटे किंवा संध्याकाळी. थांबणं शक्यच नसेल तर दर तासाला किमान १०-१५ मिनिटं सावलीत बसणं, आणि नारिंगी-लाल इशाऱ्याच्या दिवशी त्याहून जास्त. सावली म्हणजे पत्र्याची शेड नव्हे, ती खालच्या माणसाला वरून भाजते. झाडाखाली, पुलाखाली, किंवा दोन्ही बाजूंनी वारा येईल अशी उंच बांधलेली ताडपत्री बरी.

कपडे सुती, सैल, फिकट. कंपनीचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट सक्तीचा असेल तर आत सुती बनियन घाला आणि तो भिजवत राहा. हेल्मेट कामात काढता येत नाही, पण विश्रांतीत नक्की काढा आणि डोकं, मान ओल्या पंच्याने पुसा.

उन्हात नसलेल्यांनाही हे लागू आहे. वडापावच्या कढईशी उभा असलेला, खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या मावशी, इस्त्रीवाला, रिक्षाच्या तापलेल्या टपाखाली दहा तास बसणारा चालक, या सगळ्यांचं शरीर तोच ताण सोसत असतं.

जोडी लावा आणि खुणा ओळखा

सकाळी हजेरी घेतानाच दोघा-दोघांच्या जोड्या लावा. एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची. एकट्याने फिरणाऱ्यांनी, म्हणजे डिलिव्हरीवाले, सेल्समन, मीटर वाचणारे यांनी, दर दोन तासांनी घरी किंवा मित्राला फोन करायचा ठरवून घ्यायचं.

पायात, पोटात गोळे येणं ही पहिली सूचना. काम थांबवा, सावलीत बसा, मीठ-साखर पाणी घ्या. त्यानंतर खूप घाम, डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर, गार-चिकट त्वचा, गळून जाणं हा उष्णतेचा थकवा. अशा माणसाला आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, अंग ओलं करा, घोट घोट पाणी द्या आणि त्या दिवशी परत कामाला लावू नका. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही किंवा उलट्या थांबत नसतील तर दवाखाना गाठा.

आणि ज्या क्षणी बोलण्या-वागण्यात फरक पडतो, त्या क्षणी तो उष्माघात समजायचा. तीन प्रश्न विचारा: नाव काय, आत्ता कुठे आहेस, आज वार कोणता. उत्तर चुकलं, जीभ अडखळली, तो उगाच चिडला, झोकांड्या खाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर थर्मामीटर शोधत बसू नका. शरीराच्या आतलं तापमान अशा वेळी ४० अंश किंवा त्याहून वर असतं, आणि कपाळावर धरून ताप मोजायची बंदूक उन्हात चुकीचा आकडा दाखवते. "घाम येतोय, मग उष्माघात नसणार" हेही मनातून काढून टाका. म्हाताऱ्या, घरात बसलेल्या माणसाची त्वचा बहुधा कोरडी असते, पण कष्टाचं काम करताना कोसळलेला माणूस घामाने चिंब असू शकतो.

उष्माघात झाला: आधी गार करा, मग हलवा

हा भाग नीट वाचा आणि साइटवर, नाक्यावर मोठ्याने वाचून दाखवा. माणूस वाचेल की नाही, वाचला तर मेंदू-मूत्रपिंडं शाबूत राहतील की नाही, हे शरीर किती वेळ तापलेलं राहिलं यावर ठरतं. अर्ध्या तासाच्या आत ताप उतरवायचा असतो. दुपारच्या ट्रॅफिकमध्ये गोवंडीहून सायन किंवा मालाडहून कूपर रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो अर्धा तास टॅक्सीतच संपतो. म्हणून रुग्णवाहिका बोलवायची, पण ती येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं नाही.

एकाने १०८ ला फोन लावायचा आणि गेटपाशी किंवा गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. झोपडपट्टीत गाडी आत येत नाही, वाट दाखवायला माणूस लागतो.

त्याच वेळी बाकीच्यांनी रुग्णाला सावलीत न्यायचं. हेल्मेट, बूट, मोजे, जॅकेट, पट्टा काढायचा, शर्ट सोडवायचा. बाई असेल तर दोघींनी साडी किंवा चादर आडवी धरायची, आणि तेही जमत नसेल तर कपड्यांवरूनच पाणी ओतायचं. संकोचात मिनिटं घालवू नका.

मग पाणी. शिंतोडे उडवून, रुमालाच्या पट्ट्या कपाळावर ठेवून भागणार नाही. पिंपातलं, टँकरचं, नळाचं जे असेल ते तांब्या-बादलीने डोक्यापासून पायापर्यंत ओतत राहा. मुंबईच्या दमट हवेत ओल्या अंगाला वारा घातला तरी पाणी हळूच सुकतं, त्यामुळे इथे पाण्याचा थंडपणा आणि भरपूर प्रमाण महत्त्वाचं.

तरुण, धडधाकट कामगारासाठी सगळ्यात परिणामकारक उपाय निळ्या ताडपत्रीचा. ताडपत्री जमिनीवर पसरा, रुग्णाला मधोमध निजवा, चौघा-पाच जणांनी कडा उचलून झोळी करा, आत पाणी आणि बर्फ ओता आणि ताडपत्री हलवत पाणी घुसळत राहा. डोकं आणि तोंड एकाने कायम पाण्याच्या वर धरायचं. बर्फ शोधायला लांब जावं लागत नाही: मासळीवाल्या मावशींची पेटी, रसवंती, कोल्ड्रिंकचं दुकान. इथे निळा बर्फही चालतो. वयस्कर किंवा हृदयविकाराच्या माणसाला झोळीत बुडवू नका. त्याच्या अंगावर पाणी, जोराचा पंखा, आणि कपड्यात गुंडाळलेला बर्फ मानेला, काखेत, जांघेत.

पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, ओआरएस नाही, ग्लुकोज नाही. ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर निजवा, उलटी झाली तर तोंड साफ करा. श्वास थांबला तर छातीवर दाब देणं सुरू करा.

कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, तळपाय चोळत बसणं यांत वेळ जातो, ताप उतरत नाही. खिशात कांदा ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण त्याच्या भरवशावर भरउन्हात उभे राहू नका. पॅरासिटामॉलही देऊ नका. ती जंतूंमुळे आलेल्या तापावर चालते, या तापावर चालत नाही, आणि यकृतावर आधीच ताण असतो.

माणूस नीट बोलू लागेपर्यंत किंवा रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करणं थांबवू नका. गाडीतही ओली चादर आणि बर्फ सोबत राहू द्या. केईएम, नायर, सायन, कूपर किंवा जे जवळ असेल ते रुग्णालय, पण बरोबर असा माणूस पाठवा ज्याला तो कधी कोसळला, कोणतं काम करत होता आणि कोणती औषधं घेतो हे सांगता येईल.

पत्र्याखालच्या घरात

दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री उतार मिळायला हवा. पत्र्याच्या घरात, त्यातही पोटमाळ्यावर, तो मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी माणूस आधीच दमलेला कामावर येतो. पत्र्याला वरून पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग मार्चच्या आधी लावा. जमेल तिथे पत्रा आणि खोली यांच्यामध्ये पुठ्ठा, थर्माकोल किंवा बांबूच्या चटईचं छत घाला, पण चुलीपासून आणि वायरींपासून लांब. उन्हाळ्यात पोटमाळ्यावर लहान मुलं आणि म्हातारी माणसं झोपवू नका. स्वयंपाक सकाळी लवकर उरका.

पंख्याची हवा ओल्या अंगावर घ्या. खोलीतलं तापमान ४० च्या वर गेलं की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी दुपारचे दोन-तीन तास जवळच्या बुद्धविहारात, देवळात, मशिदीत, वाचनालयात, जिथे उंच छत आणि गारवा असेल तिथे आजी-आजोबांना नेऊन बसवा. चाळीत आणि वस्तीत एकटं कोण राहतं याची यादी मंडळाने करावी आणि कडक दिवसांत दुपारी एकदा दार वाजवून यावं.

ज्यांची औषधं चालू आहेत

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, हृदयाचा वेग कमी करणाऱ्या गोळ्या (बीटा ब्लॉकर), मानसिक आजारावरची काही औषधं आणि सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या यांमुळे घाम, तहान किंवा हृदयाचा वेग यांत फरक पडतो. मनानेच बंद करू नका, उन्हाळ्याच्या तोंडावर 'आपला दवाखाना' किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन डोस विचारून घ्या. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या त्रासामुळे पाण्याचं माप ठरवून दिलंय, त्यांनी वरचं पाण्याचं माप न वापरता डॉक्टरांनाच विचारावं. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकची गोळी घेऊन उन्हात उतरायची सवय साइटवर सर्रास दिसते. कोरड्या पडलेल्या शरीरात ही गोळी मूत्रपिंडांना थेट इजा करते. इन्शुलिन पत्र्याच्या खोलीत उघड्यावर ठेवू नका. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, कुपी भिजणार नाही अशा डब्यात.

बरा होऊन आल्यानंतर

रुग्णालयातून घरी सोडलं म्हणजे उद्यापासून कामावर, असं करू नका. उष्माघातानंतर यकृत, मूत्रपिंड आणि स्नायूंना झालेली इजा दोन-तीन दिवसांनी उघड होऊ शकते. लघवी कोलासारखी तपकिरी झाली, फार कमी झाली, स्नायू कमालीचे दुखू लागले किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी परत रुग्णालयात. किमान आठवडाभर उन्हातलं आणि कष्टाचं काम बंद, रक्ताच्या तपासण्या पुन्हा करून डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरुवात, आणि तीही नव्या माणसासारखी, पहिल्या दिवशी एक पंचमांश कामापासून. एकदा उष्माघात झालेल्याला पुढचे काही महिने ऊन लवकर बाधतं. त्याचं नाव मुकादमाच्या वहीत लिहून ठेवा आणि त्याच्या जोडीला जुना, अनुभवी माणूस द्या.